१९६६ च्या मस्टँगमध्ये ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक : मुंबईतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप. २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा ऑटोलाइट कार्ब्युरेटर आणि तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दरवाजावरच्या पट्टीवर ट्रान्समिशनच्या रकान्यात ६ आहे, म्हणजे सी-४ कारखान्यातूनच आलेला. मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर अमेरिकेत वाद घालणारे लोक आहेत. दादरमध्ये असा वाद कुणी घालत नाही.

मालक बोटीवर इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. गॅरेजमधली पोरं त्यांना काका म्हणतात, आपणही तेच म्हणू. गॅरेज मध्य मुंबईतलं, जुन्या-नव्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलणारं. मला बोलावलं होतं ते गुणोत्तरांची आकडेमोड आणि कागदपत्रं बघण्यासाठी. कुणाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू आहे तशी दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आधीच्या मालकाला सिग्नलवरून गाडी उसळून निघायला हवी होती, म्हणून त्याने मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी जोडी, बदलून ३.५५ चा बसवला होता (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.५५ फेरे). मूळ २.८० चा संच फडक्यात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलेला होता. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग तोच होता, आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

अडचण

काकांची मुलगी पुण्याला असते, त्यामुळे एक्सप्रेसवेच्या फेऱ्या ठरलेल्या. गाडीचे टायर साधारण ६४८ मिलिमीटर व्यासाचे. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला ८१९ फेरे घेतं. त्याला ३.५५ ने गुणलं की इंजिनचे २,९०० फेरे होतात. शिवाय सी-४ चा टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो, आणि दोन्ही बाजू घट्ट जोडणारा लॉक-अप त्याला नाही, तो थोडा घसरतोच, म्हणून प्रत्यक्षात काटा तीन हजाराच्या आसपास असायचा. हे इंजिन सगळ्यात जास्त ओढ देतं २,४०० ला. म्हणजे त्या वेगाला ते विनाकारण ओरडत होतं.

काकूंचं म्हणणं होतं, "पनवेल सोडलं की मी बोलणं बंद करते, ते देहूरोडला सुरू करते." जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि दादरहून निघालं की शिवडीलाच ताशी शंभरची परवानगी असलेला रस्ता मिळायला लागला. सोय झाली खरी, पण काकूंचं मौनव्रतही पनवेलहून अलीकडे सरकलं.

काकांना चौथा गिअर हवा होता, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, ज्यात इंजिन मागे जाणाऱ्या शाफ्टपेक्षा हळू फिरतं, आणि तोही ऑटोमॅटिकच. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे क्लच पेडलचं नाव काढायचं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय पोटमाळ्यावर होता. या गाडीचा मागचा एक्सल असा आहे, की दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर ओढून पुढचे नट काढले की क्राउन-पिनियनचा अख्खा गोळा हातात येतो. २.८० बसवला असता तर शंभरला इंजिन २,३०० वर आलं असतं. म्हणजे सहाशे फेरे वाचले असते, जवळजवळ फुकटात. पण पहिल्या गिअरची एकूण ओढ (गिअरचं गुणोत्तर गुणिले एक्सलचं) ८.७ वरून ६.९ वर उतरली असती. दादर टीटीच्या सिग्नलला हे जाणवलं असतं आणि काकांना ते मान्य नव्हतं.

दुसरा पर्याय सी-४ तसाच ठेवून त्याच्या मागे वेगळं ओव्हरड्राइव्ह युनिट लावायचा. अमेरिकेत गिअर व्हेंडर्सचं असं युनिट मिळतं, गुणोत्तर ०.७८. जुन्या एमजी आणि ट्रायम्फवर असायचा त्या लेकॉक ओव्हरड्राइव्हचाच हा वंशज. चांगली वस्तू आहे, पण महाग, आणि प्रोपेलर शाफ्ट कापून लहान करावाच लागतो.

तिसरा पर्याय फोर्डचाच चार गिअरचा एओडी. १९८० साली आलेल्या या गिअरबॉक्सची गुणोत्तरं २.४०, १.४७, १.०० आणि ०.६७. याची एक खुबी आहे. आत एकात एक असे दोन इनपुट शाफ्ट असतात. बाहेरचा पोकळ शाफ्ट कन्व्हर्टरच्या तेलातून ताकद घेतो, आतला बारीक शाफ्ट थेट इंजिनकडून. तिसऱ्या गिअरला साठ टक्के ताकद थेट जाते, चौथ्याला सगळीच. त्यामुळे वेगळा लॉक-अप क्लच नाही, वायर नाही, तरी चौथ्यात घसरणं शून्य. ३.५५ एक्सलवर शंभरला १,९५० फेरे, आणि पहिल्या गिअरची ओढ ८.५, म्हणजे होती तेवढीच.

चौथा पर्याय एओडीचाच पुढचा अवतार, १९९३ पासूनचा ४आर७०डब्ल्यू. पहिला गिअर २.८४, चौथा ०.७०, पण सगळं इलेक्ट्रॉनिक. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो चालवायचा तर वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर बसवावा लागतो. काका म्हणाले, "बॉनेटखाली कॉम्प्युटर नको." विषय तिथेच संपला. माझ्या मते तो जरा लवकर संपला. कारण पुढे येईलच.

कापायचं की नाही

हा निर्णय गिअरबॉक्सच्या निवडीइतकाच मोठा होता, आणि तो योग्य घेतला गेला.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. लेकीकडे जेवायला जाणं यात कुठेच बसत नाही. म्हणून काकांनी साधी नोंदणी आणि तिचं नूतनीकरण चालू ठेवलं.

तरी व्हिंटेज नोंदणीचा रस्ता पुढच्या पिढीसाठी उघडा राहायला हवा, हे त्यांना पटलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. आरसीवर इंजिन आणि चॅसीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तेव्हा नियम असा ठरला : पत्रा कापायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही. जे बसवायचं ते बोल्टने, आणि पुन्हा काढता येईल असं. एओडी निवडण्यामागे हे मोठं कारण होतं. लांबी सी-४ च्या जवळपास, मागच्या शाफ्टचे दातेही तितकेच, २८. फक्त माउंटची जागा मागे सरकते, त्यासाठी मूळ भोकांना लागणारा वेगळा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा तुकडा) नवा मिळतो.

वापरलेल्या सुट्या भागांच्या आयातीला परवाना लागतो, म्हणून तिकडचा जुना गिअरबॉक्स मागवायचा विचार सोडून दिला. पुण्यातल्या एका संग्राहकाकडे फोर्डच्याच लिंकन गाडीतून निघालेला एओडी पडून होता. तो घेतला आणि आतून गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेट आणि बँड, शिवाय सील, क्रॉसमेंबर, केबल असं सगळं नवं मागवलं.

काम

पुण्याहून आलेल्या गिअरबॉक्सबरोबर त्याची फ्लेक्सप्लेटही, म्हणजे इंजिनला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती, आली होती. गॅरेजवाले ती लावायला निघाले होते. दिसायला काही फरक नाही, बोल्टही बसतात. पण ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनाचं बॅलन्सिंग ५० औंस-इंचांचं आणि २८९ चं २८. ती प्लेट लागली असती तर इंजिन आयुष्यभर थरथरत राहिलं असतं. १६४ दात्यांची, २८ औंसांची प्लेट मागवेपर्यंत गाडी जॅकवर उभी राहिली. इंजिन आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) यांच्या मधली पातळ पत्र्याची प्लेटही सोबत बदलावी लागते. सी-४ ची प्लेट लहान फ्लेक्सप्लेटसाठी असते, ती इथे चालत नाही.

कन्व्हर्टर बसवताना गॅरेजच्या उस्तादांनी घाई केली नाही, हे बघून बरं वाटलं. तो दोन्ही शाफ्टवर आणि शिवाय पंपावर बसावा लागतो. दोन्ही हातांनी तोलून, हळूहळू फिरवत आत ढकलायचा, म्हणजे एकेक टप्प्याला 'खट्' करून तो खाली उतरतो. शेवटचा खट् ऐकू आला नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. उस्तादांनी बेलहाउसिंगच्या तोंडावर पट्टी आडवी धरून खोली मोजली, कन्व्हर्टर हाताने फिरवून बघितला, आणि मगच गिअरबॉक्स वर चढवला.

बाकीचं काम सरळ होतं. जुन्या कूलरच्या नळ्या धुऊन काढल्या, कारण सी-४ मध्ये टाइप-एफ तेल होतं आणि एओडीला मरकॉन लागतं. रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर आणि पंखा लावला. मुंबईत गाडी चालते त्यापेक्षा उभीच जास्त असते, आणि ऑटोमॅटिकचं तेल तेव्हाच तापतं. न्यूट्रल स्विच मूळ वायरिंगला जोडला आणि गाडी फक्त पी आणि एनमध्येच सुरू होते ना, ते तपासलं. स्पीडोमीटरचा दातेरी तुकडा बदलला.

लिव्हरचं मात्र गमतीशीर झालं. मूळ डायलवर सहा जागा : पी, आर, एन, लहान ठिपका, मोठा हिरवा ठिपका, एल. एओडीच्याही सहाच : पी, आर, एन, ओव्हरड्राइव्ह, डी आणि १. म्हणजे डायल बदलायची गरज नाही. पण सी-४ ला रोजचं चालवणं हिरव्या ठिपक्यावर, आणि तिथे आता डी आला, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. काका पहिल्यांदा अटल सेतूवर गेले ते सवयीने हिरव्या ठिपक्यावर लिव्हर ठेवून, आणि परत येऊन म्हणाले, "चौथा पडतच नाही."

जिथे बिघडलं

चौथा पडायला लागला, तसे सगळे खूश झाले. गिअर इतके अलगद बदलत होते की गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "काका, बघा, लोण्यासारखा पडतोय!" काकांनाही तसंच वाटलं. रोग नेमका तिथेच होता.

सी-४ मध्ये इंजिनवर किती भार आहे हे गिअरबॉक्सला व्हॅक्युम मॉड्युलेटर सांगतो. कार्ब्युरेटरपासून येणारा रॉड फक्त किकडाउनसाठी. तो रॉड काढून टाकला तरी गाडी चालते, ओव्हरटेक करताना खालचा गिअर पडत नाही इतकंच. एओडीत मॉड्युलेटर नाहीच. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे कळायला एकच मार्ग, थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, जिला टीव्ही केबल म्हणतात. त्या केबलवरच आतलं तेलाचं प्रेशर ठरतं, आणि क्लच प्लेटा किती जोराने दाबल्या जातील ते त्या प्रेशरवर. केबल सैल असली की प्रेशर कमी, गिअर लवकर आणि मऊ बदलतो, आणि मऊ वाटतं कारण प्लेटा घसरत घसरत पकडतात. वर लोणी, आत जळणं.

गॅरेजमध्ये केबल लावली ती किकडाउन रॉडच्या हिशेबाने : पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ताणली जाते ना, झालं. नव्या गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर बघतो, त्यामुळे हाताने प्रेशर लावायची सवय राहिलेली नाही. प्रेशर गेज लावून बघायचं मी आणि काकांनी दोघांनीही सुचवलं होतं. काकांचं अख्खं आयुष्य इंजिन रूममध्ये गेजकडे बघण्यात गेलेलं. त्यांनी "प्रेशर किती आहे?" असं सरळ विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "काका, चालवून बघा ना, मस्त आहे." मग चालवून बघितलं आणि खरंच मस्त वाटलं, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला खरा निर्णायक क्षण हा. कुणी चूक करायची ठरवली नव्हती, पण हाताला आणि कानाला जे जाणवलं त्यापुढे मोजमाप मागे पडलं.

पुण्याच्या काही फेऱ्या झाल्या. एकदा खंडाळ्याचा घाट चढताना लिव्हर ओव्हरड्राइव्हवरच होता आणि गिअर तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहिला. घाट संपल्यावर दुसऱ्याहून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं फिरल्यासारखं वाटलं. काकांनी लोणावळ्यात गाडी थांबवून डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या रुमालावर पुसली. लाल असायला हवं ते तेल चहाच्या रंगाचं होतं, मधोमध काळपट ठिपके, आणि वासाला जळकट. तिथून पुढे त्यांनी गाडी चालवली नाही, फ्लॅटबेड बोलावून ती मुंबईला परत आणली. हा निर्णय अगदी बरोबर होता. तशीच पुण्यापर्यंत रेटली असती तर क्लचचा चुरा सगळ्या व्हॉल्व्ह बॉडीत आणि कूलरमध्ये गेला असता.

खोलल्यावर डायरेक्ट क्लचच्या, म्हणजे तिसरा गिअर पकडणाऱ्या, प्लेटा काळ्या पडलेल्या दिसल्या, ओव्हरड्राइव्हचा बँड झिजलेला. बाकीचं बचावलं होतं.

दुरुस्ती

प्लेटा आणि बँड पुन्हा नवे. कूलर धुतला नाही, बदललाच; त्याच्या बारीक नळ्यांतला गाळ पूर्ण निघत नाही. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर केबलची ओढ जुळवणारी पट्टी बसवली, कारण जुन्या ऑटोलाइटचा लिव्हर एओडीच्या केबलला हवी तेवढी ओढ योग्य प्रमाणात देत नाही. ही पट्टी पहिल्या वेळीही मागवता आली असती.

मग गेज. गिअरबॉक्सच्या बाजूला टीव्ही प्रेशरचं बूच असतं. तिथे गेजची नळी जोडून ती खिडकीतून आत घेतली. पद्धत अशी : इंजिन गरम करून आयडलवर, न्यूट्रलमध्ये ठेवायचं, केबलचं टोक आणि तिच्या फिटिंगच्या मध्ये ०.३९७ इंचाचा ठोकळा घालायचा, आणि प्रेशर ३५ पीएसआयच्या जवळ येईपर्यंत केबल कमी-जास्त करायची. ठोकळा काढला की काटा शून्याशी यायला हवा. गल्लीतल्या लेथवाल्याने दहा मिलिमीटरहून किंचित जाड असा पितळेचा तुकडा काढून दिला. जुन्या खुणेवर केबल ठेवून गेज बघितलं, तेव्हा ठोकळा घालूनही काटा जेमतेम हलला. उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा तुकडा मला ठेवून घेऊ दे."

निष्पत्ती

आता गिअर बदलताना हलकासा धक्का जाणवतो. काकांना सुरुवातीला तो आवडला नाही, मग सवय झाली. शंभरला इंजिन दोन हजारांखाली असतं आणि काकू पूर्ण रस्ताभर बोलतात. (काकांनी यावर मत दिलेलं नाही.) हायवेला ॲव्हरेज सुधारलं. शहरात फरक पडला नाही, पडायचं कारणही नाही, कारण परळ ते माहीमच्या रहदारीत चौथा गिअर क्वचितच येतो. कोस्टल रोडला मात्र तो उपयोगी पडतो. ताशी ८० ला चौथ्यात १,५५० फेरे, इंजिन कुरकुर न करता ओढतं. घाटात साठच्या वेगाला चौथ्यात जेमतेम १,१७० फेरे होतात, तिथे इंजिन दमतं. म्हणून खोपोली आली की लिव्हर हिरव्या ठिपक्यावर, लोणावळा सुटलं की पुन्हा लहान ठिपक्यावर.

विमा कंपनीला बदलाचं पत्र दिलं आहे. सी-४ तेल भरून, बुचं लावून ठेवला आहे, आणि मूळ क्रॉसमेंबर, फ्लेक्सप्लेट, किकडाउन रॉड एका खोक्यात त्याच्याबरोबर.

वेगळं काय करता आलं असतं

आधी २.८० चा गोळा महिनाभर लावून बघायला हवा होता. फार तर काही तासांचं काम, आणि भाग घरचाच. काकांना पिकअप कमी झालेला चालला नसता हे मी धरून चालतो, पण ते चालवून कळलं असतं. काकूंना २,३०० फेऱ्यांचा आवाज चालला असता तर उरलेलं सगळं टळलंच असतं. मला आजही वाटतं, की वर्षातून दोन-चारदाच हायवेला जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

गिअरबॉक्स बदलायचाच, तर ४आर७०डब्ल्यूला नाही म्हणताना कॉम्प्युटर नको एवढंच कारण पुरेसं नव्हतं. त्यात ही केबलच नसते. जिथे हाताने प्रेशर लावणारा माणूस मिळणं कठीण, तिथे कंट्रोलरचा खर्च परवडला असता. उलट बाजूने काकांचा मुद्दाही खोटा नाही. रस्त्यात एओडी अडला तर केबल डोळ्यांनी दिसते, कंट्रोलर बिघडला तर फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.

आणि गेज गिअरबॉक्सच्या आधी विकत घ्यायला हवं होतं. मजुरी ठरवतानाच 'टीव्ही प्रेशरचा आकडा लिहून द्यायचा, मगच गाडी ताब्यात घेणार' असं कागदावर आलं असतं, तर "मस्त आहे" हे उत्तर चाललं नसतं. दुसऱ्या वेळी काकांनी तसंच केलं. बिलाच्या मागे पेनाने ३५ लिहिलेलं आहे, खाली उस्तादांची सही.

त्या गॅरेजमध्ये सध्या सत्तरच्या दशकातली एक कॉर्व्हेट उभी आहे. तिच्यात ७००आर४ बसवायचा आहे. शेवरलेने त्याच पिढीच्या शेवटच्या, १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये हा गिअरबॉक्स कारखान्यातूनच दिला होता. टीव्ही केबल त्यालाही आहे आणि सैल राहिली तर तोही असाच जळतो. उस्तादांनी मालकाकडून गिअरबॉक्सच्या आधी कार्ब्युरेटरची पट्टी मागवून घेतली आहे.